ऑनलाइन लैंगिक गुन्हे : शिक्षेचे माप आणि गुन्हेगारांची नोंदवही



लैंगिक अत्याचाराची एखादी घटना वृत्तपत्रांत गाजू लागली की दोन मागण्या हमखास कानी पडतात. शिक्षा आणखी कठोर करा, ही पहिली. आणि अशा माणसांची नावे कायमची नोंदवून ठेवा, ही दुसरी. गुन्हा मोबाइलवर किंवा इंटरनेटवर घडलेला असेल तर या मागण्यांना विशेष धार येते, कारण एकदा पसरलेले छायाचित्र परत घेता येत नाही हे आता प्रत्येकाला ठाऊक आहे. प्रस्तुत घटकात या दोन्ही मागण्यांचा विचार करावयाचा आहे. कायदा आज काय म्हणतो, महाराष्ट्राने तो बदलण्याचा कोणता प्रयत्न केला आणि गुन्हेगारांची नोंदवही ठेवण्याची कल्पना कोठून आली, हे आपण पाहू. आपल्यापैकी काहीजण वकिलाच्या कचेरीत, पोलीस खात्यात, शाळेत वा अंगणवाडीत काम करीत असतील; पुष्कळांच्या घरात शिकणारी मुले-मुली आहेत. त्यामुळे हा विषय परीक्षेपुरता राहणार नाही.

विवेचनासाठी धुळे जिल्ह्यातील शिरपूर हे तालुक्याचे गाव आपण डोळ्यांसमोर ठेवू. मुंबई-आग्रा महामार्गावरचे, अरुणावतीच्या काठचे हे गाव आता शिक्षणाचे केंद्र झाले आहे. औषधनिर्माणशास्त्र आणि अभियांत्रिकी शिकण्यासाठी बाहेरगावची मुले-मुली येथील वसतिगृहांत राहतात. उत्तरेला सातपुड्यातील पावरा पाडे, त्यापलीकडे मध्य प्रदेशची हद्द. हातात मोबाइल सर्वांच्याच आहे. पण सायबर गुन्ह्यांचा तपास, न्यायवैद्यक तपासणी, सत्र न्यायालय या गोष्टी धुळ्याला किंवा त्याहूनही दूर. कायद्याचे मसुदे दिल्लीत आणि मुंबईत तयार होतात. त्यांचा खरा कस अशा गावी लागतो.

इंटरनेटच्या आधीचे एक प्रकरण

ऑनलाइन गुन्हा म्हणजे काहीतरी अगदी नवे, असे आपण समजतो. खानदेशाला मात्र या गुन्ह्याची ओळख इंटरनेट येण्यापूर्वीच झाली होती. १९९४ साली जळगावात जे प्रकरण उघडकीस आले ते आजही ‘जळगाव वासनाकांड’ या नावाने आठवले जाते. मुलींना आणि स्त्रियांना फूस लावून त्यांची छायाचित्रे व चित्रफिती काढावयाच्या आणि त्या उघड करण्याची धमकी देऊन त्यांचे पुन्हा पुन्हा शोषण करावयाचे, अशी ती रीत होती. तपास राज्य गुन्हे अन्वेषण विभागाकडे गेला आणि मीरा बोरवणकर या पोलीस अधिकाऱ्याचे नाव त्या तपासामुळे महाराष्ट्रभर झाले.

या प्रकरणातून आपल्या विषयाशी निगडित दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पीडितांच्या संख्येबद्दल नाना आकडे बोलले गेले, परंतु तक्रार देण्यास आणि न्यायालयात उभे राहण्यास मोजक्याच स्त्रिया पुढे आल्या. पुढे अनेक आरोपी सुटले. बलात्कारासाठी त्या वेळीही जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती. म्हणजे कायद्यात शिक्षा कमी होती म्हणून हे खटले ढासळले, असे म्हणता येत नाही. दुसरी गोष्ट अधिक बोचरी आहे. आरोपींची नावे काही वर्षांत लोकांच्या विस्मरणात गेली, पण गावाचे नाव चिकटून राहिले. ज्यांचा या प्रकरणाशी काडीचाही संबंध नव्हता अशा मुलींनाही त्याची झळ लागली. गुन्ह्याची आठवण कोण वागवतो, हा प्रश्न तेव्हाच उभा राहिला होता. नोंदवहीच्या वादात तोच प्रश्न वेगळ्या रूपात येतो.

१९९४ मधील चित्रफीत ही निदान हातात धरता येण्याजोगी वस्तू होती. पोलीस ती जप्त करू शकत, पंचनामा करून मोहोरबंद करू शकत. आज त्याच चित्राच्या शेकडो प्रती पाच मिनिटांत होतात. बाकी धमकीची रीत, लाजेचा उपयोग आणि मौनावरचा भरवसा यांत फारसा फरक पडलेला नाही.

कायद्याचे शब्द : अश्लीलता, विनय आणि संमती

मराठीचे विद्यार्थी म्हणून आपण आधी शब्दांकडे पाहू. ‘विनयभंग’ हा शब्द आपण इतका सहज वापरतो की त्यात काय गृहीत धरले आहे हे लक्षात येत नाही. विनय हा स्त्रीचा गुण मानला आणि त्याचा भंग झाला की गुन्हा झाला, अशी ती मांडणी आहे. जखम स्त्रीच्या इच्छेला झाली की तिच्या मर्यादशीलतेला, हा प्रश्न तो शब्द विचारीतच नाही.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० यातही असाच एक शब्द केंद्रस्थानी आहे : अश्लीलता. त्याच्या कलम ६७ नुसार अश्लील मजकूर इलेक्ट्रॉनिक स्वरूपात प्रसिद्ध करणे वा पाठविणे हा गुन्हा आहे. मूळ कायद्यात पहिल्या दोषसिद्धीसाठी पाच वर्षांपर्यंत कैद होती. २००८ च्या दुरुस्तीने, जी २७ ऑक्टोबर २००९ पासून अमलात आली, ती तीन वर्षांवर आणली. दंडाची मर्यादा मात्र एक लाखावरून पाच लाखांवर नेली. तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचे गुन्हे या कायद्याखाली जामीनपात्र असल्याने कलम ६७ चा गुन्हाही जामीनपात्र झाला. त्याच दुरुस्तीने उघड लैंगिक कृती दाखविणाऱ्या मजकुरासाठी कलम ६७-अ (पहिल्या वेळी पाच, नंतर सात वर्षांपर्यंत) आणि बालकांसंबंधीच्या मजकुरासाठी कलम ६७-ब ही नवी कलमे आणली. ‘कायदा दिवसेंदिवस कडक होत गेला’ असे सरसकट विधान आपण उत्तरपत्रिकेत लिहू नये; तो एका बाजूने सैल आणि दुसऱ्या बाजूने घट्ट झाला.

अश्लीलतेला केंद्र मानण्यातील अडचण उघड आहे. एखाद्या स्त्रीने स्वतःचे छायाचित्र विश्वासाने कोणाला पाठविले आणि त्याने ते गावभर केले, तर अपराध चित्राच्या नग्नतेत आहे की विश्वासघातात? कलम ६७-अ चित्राकडे बघते. काटेकोर वाचले तर ते चित्र प्रथम पाठविणारी स्त्रीही त्याच्या कक्षेत ओढली जाऊ शकते. ही भीती घालून तक्रारदार स्त्रीला गप्प बसविणे सोपे जाते.

संमतीची भाषा आपल्या फौजदारी कायद्यात ठळकपणे आली ती न्यायमूर्ती जे. एस. वर्मा समितीनंतरच्या २०१३ च्या दुरुस्तीने. चोरून पाहणे व चित्रण करणे आणि पाठलाग करणे हे स्वतंत्र गुन्हे झाले. आज ते भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ व ७८ मध्ये आहेत. चित्र काढण्यास संमती दिली म्हणजे ते इतरांना दाखविण्यास संमती दिली असे होत नाही, हे कलम ७७ च्या स्पष्टीकरणात स्वच्छ म्हटले आहे. माझ्या मते या साऱ्या कायद्यांत अधिक मोलाचे वाक्य दुसरे नाही. स्त्रीच्या इंटरनेट-वापरावर पाळत ठेवणे हेही कलम ७८ नुसार पाठलागातच मोडते. मात्र ही दोन्ही कलमे पीडित म्हणून केवळ स्त्रीचा विचार करतात. अनोळखी व्हिडिओ कॉलवरून फसवून पुरुषांकडून पैसे उकळण्याचे प्रकार अलीकडे वाढले आहेत. अशा पुरुषाला खंडणीचे कलम आणि माहिती तंत्रज्ञान अधिनियमातील कलमे यांवरच विसंबावे लागते. लाजेने तोही गप्पच राहतो.

बालकांबाबतचा कायदा अर्थातच अधिक कठोर आहे. २०१२ चा पॉक्सो अधिनियम १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झाला आणि २०१९ मध्ये त्यातील शिक्षा वाढविण्यात आल्या. अश्लील चित्रणासाठी बालकाचा वापर केल्यास किमान पाच वर्षे कैद, पुन्हा तोच गुन्हा केल्यास किमान सात. असा मजकूर केवळ जवळ बाळगणे हा गुन्हा ठरतो का, यावर मद्रास उच्च न्यायालयाचा निर्णय रद्द करीत सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ रोजी कायद्याचा अर्थ व्यापक केला. त्याचबरोबर अशा मजकुराला ‘पोर्नोग्राफी’ म्हणू नये, बालकाचे लैंगिक शोषण व अत्याचार दाखविणारा मजकूर म्हणावे, असेही सुचविले. न्यायालयालाही शब्द बदलण्याची गरज वाटली, हे आपण नोंदवून ठेवावे.

शक्ती विधेयक : महाराष्ट्राचा प्रयत्न

नोव्हेंबर २०१९ मध्ये हैदराबादजवळ एका तरुणीवर झालेल्या अत्याचारानंतर आंध्र प्रदेशने ‘दिशा’ विधेयक संमत केले. फेब्रुवारी २०२० मध्ये आपल्याकडे हिंगणघाट येथे एका प्राध्यापिकेला भररस्त्यात पेटवून देण्यात आले, आणि महाराष्ट्रातही तसाच कायदा करण्याची मागणी जोर धरू लागली. डिसेंबर २०२० मध्ये तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी शक्ती विधेयके विधिमंडळात मांडली. काही गुन्ह्यांसाठी फाशी, पंधरा दिवसांत तपास, विशेष न्यायालये, संपर्काच्या कोणत्याही साधनाने स्त्रीचा छळ करणे हा नवा गुन्हा, तपासाला माहिती न देणाऱ्या समाजमाध्यम कंपन्यांना शिक्षा आणि स्त्रिया व बालकांविरुद्धच्या गुन्हेगारांची इलेक्ट्रॉनिक नोंदवही, अशा त्यातील ठळक तरतुदी होत्या.

विरोध अनपेक्षित दिशेने आला. स्त्रीचळवळीतील कार्यकर्त्या आणि स्त्रियांचे खटले चालविणाऱ्या वकील यांनीच मसुद्यावर कठोर टीका केली. पंधरा दिवसांत केलेला तपास कच्चा राहील आणि कच्च्या तपासाचा लाभ आरोपीला मिळेल, असे त्यांचे म्हणणे होते. खोट्या तक्रारीसाठी ठेवलेल्या शिक्षेचा धाक खऱ्या तक्रारदार स्त्रीलाच बसेल. बलात्कार आणि खून या दोहोंना फाशी असेल तर साक्षीदार जिवंत ठेवण्याचे कारणच गुन्हेगाराला उरणार नाही. दोघांच्या वागणुकीवरून संमती गृहीत धरण्यास वाव देणारे मसुद्यातील स्पष्टीकरण तर वर्मा समितीने मिळविलेले सारे घालवणारे होते. विधेयक संयुक्त समितीकडे गेले, ते स्पष्टीकरण वगळले गेले, तपासाची मुदत तीस दिवस झाली आणि डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांनी विधेयक संमत केले. राष्ट्रपतींची मंजुरी मात्र मिळाली नाही. ‘दिशा’प्रमाणेच ‘शक्ती’ही कायदा होऊ शकला नाही.

किमान शिक्षा वाढविली की न्यायाधीशांचा हात आखडतो, हा आक्षेप काहींना पुस्तकी वाटेल. त्याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने पॉक्सोखालील एका प्रकरणात त्वचेशी त्वचेचा स्पर्श झाला नाही म्हणून त्या कायद्यातील शिक्षा रद्द केली. शिक्षा कठोर असल्याने पुरावाही तितकाच काटेकोर हवा, असे कारण निकालात दिले होते. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये तो निकाल फिरविला. निकाल चुकीचा होता यात शंका नाही. परंतु शिक्षेचे ओझे निवाड्याच्या पारड्यावर कसे पडते, ते त्यात उघड दिसले.

तक्रारीपासून निकालापर्यंत

इटालियन विचारवंत बेकारिया याने १७६४ मध्येच लिहून ठेवले की गुन्हेगाराला आवर बसतो तो शिक्षेच्या क्रूरतेने नव्हे, ती चुकणार नाही या खात्रीने. ही खात्री आपल्याकडे कोठे सुटते, ते पाहण्यासाठी एक कल्पित प्रसंग घेऊ.

समजा, बोराडीकडील एक पावरा मुलगी शिरपुरात वसतिगृहात राहून शिकते. ओळखीच्या मुलाने तिची खासगी छायाचित्रे मिळविली आहेत आणि तो ती तिच्या भावाला पाठविण्याची धमकी देतो आहे. तिच्यापुढे कोणते मार्ग आहेत? राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर ती नाव न सांगताही माहिती देऊ शकते. प्रज्वला या संस्थेने २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला लिहिलेल्या पत्रातून सुरू झालेल्या प्रकरणानंतर, सप्टेंबर २०१८ मध्ये हे पोर्टल सुरू झाले. पण निनावी माहिती म्हणजे प्रथम खबर नव्हे. खटला उभा राहावयाचा तर तिला कधीतरी नाव सांगावेच लागेल. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, कोणतेही पोलीस ठाणे खबर नोंदवू शकते. खबर इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, मात्र तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. म्हणजे ठाण्याची पायरी टळत नाही. तेथे तिला आपली हकीकत सांगावयाची आहे, पावरी बोलीत विचार करून मराठीत, आणि बहुधा पुरुषांच्या देखत.

पुढचा अडथळा तपासाचा. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाखालील गुन्ह्याचा तपास पोलीस निरीक्षकाहून कमी दर्जाचा अधिकारी करू शकत नाही. तालुक्याच्या ठाण्यात निरीक्षक एकच असतो आणि त्याच्यावर बंदोबस्तापासून खुनाच्या तपासापर्यंत सगळा भार असतो. संदेश कोणी पाठविला हे ठरविण्यासाठी ज्या कंपनीकडून माहिती हवी तिचे मुख्यालय परदेशात असते. मोबाइल तपासणीसाठी न्यायसहायक प्रयोगशाळेत जातो आणि अहवालाची वाट पाहत खटला थांबतो. मिळालेला पुरावाही योग्य प्रमाणपत्राशिवाय निरुपयोगी ठरतो. हा नियम ज्या निवाड्याने पक्का केला तो जालन्यातील विधानसभा निवडणुकीच्या वादातून आलेला आहे : अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल, १४ जुलै २०२०. आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये हे प्रमाणपत्र अधिक तपशिलाचे झाले आहे. घाबरलेली मुलगी संदेश पुसून टाकते किंवा फोन फेकून देते, तेव्हा ती नकळत आपला पुरावाच नष्ट करीत असते. आपल्यापैकी जे शिक्षक आहेत त्यांनी एवढी एक गोष्ट विद्यार्थिनींना सांगितली तरी पुष्कळ झाले.

येथे एक विसंगतीही दाखवावीशी वाटते. बलात्कार आणि पॉक्सोतील प्रत्यक्ष अत्याचाराच्या प्रमुख कलमांखालील तपास दोन महिन्यांत पूर्ण करण्याचे बंधन नव्या संहितेने घातले आहे. बालकांचा अश्लील चित्रणासाठी वापर आणि तसा मजकूर बाळगणे वा पसरविणे यांची कलमे त्या यादीत नाहीत. शिक्षा वाढविण्याची चर्चा उदंड झाली. ही यादी वाढवावी असे म्हणणारे क्वचितच भेटतात.

वेळेचा फरक किती पडतो, हे दोन खटल्यांवरून दिसते. चेन्नई येथे फेब्रुवारी २००४ मध्ये एका स्त्रीने तक्रार दिली. तिच्या नावाने इंटरनेटवर घाणेरडे संदेश टाकले गेले होते आणि परक्या पुरुषांचे फोन येत होते. आरोपी मुंबईत सापडला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याला दोन वर्षांची सक्तमजुरी झाली. देशातील या प्रकारच्या अगदी पहिल्या दोषसिद्धींपैकी ती एक. याउलट मुंबईत २००९ मध्ये सहकारी स्त्रीला अश्लील ई-मेल पाठविल्याच्या प्रकरणाचा निकाल २०१५ मध्ये लागला आणि शिक्षा झाली काही महिन्यांची. महाराष्ट्रातील सायबर-पाठलागाची पहिली दोषसिद्धी म्हणून वृत्तपत्रांनी तिचे स्वागत केले. कायदा दोन्ही ठिकाणी बव्हंशी तोच होता.

नोंदवहीची कल्पना

आता दुसऱ्या मागणीकडे वळू. लैंगिक गुन्हेगारांची नोंदवही ही मुळात अमेरिकेची देणगी. कॅलिफोर्नियाने १९४७ मध्येच ती सुरू केली. १९९४ चा वेटरलिंग कायदा आणि १९९६ चा ‘मेगनचा कायदा’ यांनी ती देशभर नेली आणि लोकांसाठी खुली केली. तेथे कोणीही संकेतस्थळावर शेजाऱ्याचे नाव शोधू शकतो. ज्यांच्या मुलाचे अपहरण झाले त्या पॅटी वेटरलिंग यांच्या पाठपुराव्याने पहिला कायदा झाला. पुढे त्यांनीच या नोंदवह्यांच्या अतिरेकाबद्दल, विशेषतः अल्पवयीन मुलांना त्यांत घालण्याबद्दल, जाहीर चिंता व्यक्त केली. नॉर्थ कॅरोलायना राज्याने नोंदणीकृत गुन्हेगारांना समाजमाध्यमे वापरण्यासच बंदी घातली होती. २०१७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती अभिव्यक्तिस्वातंत्र्याविरुद्ध ठरविली. प्रेस्कॉट आणि रॉकॉफ या अभ्यासकांनी २०११ मध्ये अमेरिकी राज्यांतील आकडेवारी तपासली. नोंद केवळ पोलिसांकडे असल्यास काही प्रकारचे गुन्हे घटतात. ती जाहीर केल्यास मात्र नोंदलेली माणसे पुन्हा गुन्ह्याकडे वळण्याची शक्यता वाढते, असे त्यांना आढळले. नोकरी, घर, नाती सारेच तुटलेल्या माणसाला गमावण्यासारखे काही उरत नाही. ब्रिटनने १९९७ पासून नोंदवही ठेवली आहे, परंतु ती लोकांसाठी खुली नाही. मुलाच्या संपर्कात येणाऱ्या विशिष्ट व्यक्तीविषयी पालक पोलिसांकडे विचारणा करू शकतात.

भारताने २० सप्टेंबर २०१८ रोजी लैंगिक गुन्हेगारांचा राष्ट्रीय माहितीसंच सुरू केला. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभाग तो सांभाळतो. आरंभी त्यात सुमारे ४.४ लाख नोंदी होत्या आणि तो केवळ तपास यंत्रणांना पाहता येतो. ‘तो लोकांसाठी खुला करा’ ही मागणी अधूनमधून होते.

पोलिसांपुरत्या नोंदवहीचा उपयोग नाकारता येत नाही. आपण वर पाहिलेली जवळजवळ सर्व कलमे पहिल्या आणि नंतरच्या दोषसिद्धीत फरक करतात. पाठलागाचा गुन्हा पहिल्या वेळी जामीनपात्र, दुसऱ्या वेळी अजामीनपात्र आहे. एखाद्याला सेंधव्यात शिक्षा झाली असेल आणि तो शिरपुरात पुन्हा तोच उद्योग करीत असेल, तर हे ठाण्याला कळणार कसे? राज्याची हद्द महामार्गावर थोड्याच अंतरावर आहे. नोंद नसेल तर कायद्यातील ‘दुसऱ्या वेळी’ हे शब्द कागदावरच राहतात.

खुल्या नोंदवहीचे मात्र वेगळे. बलात्काराच्या प्रकरणांत दहापैकी नऊहून अधिक आरोपी पीडितेच्या ओळखीचे असतात, असे राष्ट्रीय आकडेवारी वर्षानुवर्षे सांगते. काका, शेजारी, शिक्षक, मित्र. खुली नोंदवही आपल्याला अनोळखी माणसापासून सावध करते, धोका बहुधा घरातला असतो. शिवाय पीडितेची ओळख उघड करणे हा आपल्या कायद्यात गुन्हा आहे. मुंबईसारख्या शहरात आरोपीचे नाव जाहीर करूनही पीडिता झाकली राहू शकेल. दोन-तीन हजार वस्तीच्या गावात अमुक माणूस आपल्या भाचीच्या प्रकरणात नोंदवहीत आहे म्हटले की ती भाची कोण, हे पाराजवळ बसलेल्या प्रत्येकाला कळते. घरातलेच मग तिला म्हणतात, जाऊ दे, आता कुलाची नाचक्की नको. जळगावला जे घडले त्याचीच ही लहान आवृत्ती.

ऑनलाइन गुन्ह्यांत अल्पवयीन मुलांचा प्रश्न आणखी नाजूक होतो. सोळा वर्षांच्या मुलाने वर्गमैत्रिणीचे छायाचित्र गटात टाकले तर ते कलम ६७-ब मध्ये बसते, आणि बसावेच. तिचे नुकसान त्याच्या वयाने कमी होत नाही. पण बाल न्याय अधिनियम, २०१५ चे तत्त्व असे की, ठराविक अपवाद सोडता, त्या वयातील दोषाचा डाग पुढील आयुष्यावर राहू नये आणि नोंदी नष्ट कराव्यात. आजीव नोंदवहीचे तत्त्व याच्या थेट उलट आहे.

आणि नोंदवहीचा आपला स्वतःचा इतिहासही आहे. १८७१ च्या कायद्याने इंग्रज सरकारने काही जमातींनाच गुन्हेगार ठरवून त्यांची नोंद केली आणि पोलिसांकडे हजेरी लावण्याची सक्ती केली. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, पण पारध्याच्या पालावर संशयाने छापा घालण्याची सवय कायद्याबरोबर गेली नाही. लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ आपण वाचले असेल, तर ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. जन्मावरून केलेली नोंद आणि न्यायालयाने दोषी ठरविल्यावर केलेली नोंद यांत मूलभूत फरक आहे, हे मान्यच. तरीही नोंद कोण काढून टाकणार, कधी, आणि चुकीची नोंद झाल्यास दाद कोठे मागावयाची, या प्रश्नांची उत्तरे कायद्यात लिहिलेली असली पाहिजेत, हे महाराष्ट्राने तरी विसरू नये. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोपनीयता हा मूलभूत अधिकार मानल्यानंतर तर ही अपेक्षा घटनात्मक झाली आहे. आपला माहितीसंच एका प्रशासकीय निर्णयातून उभा राहिला. त्यासाठी संसदेने स्वतंत्र कायदा केलेला नाही.

चित्राची आठवण

शिरपूरच्या त्या कल्पित मुलीला विचारले की तुला काय हवे, तर ती सहसा वर्षांचा हिशेब सांगणार नाही. ते चित्र नाहीसे व्हावे, हे तिचे पहिले मागणे असेल. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत याची एक सोय आहे. खासगी अवयव किंवा लैंगिक कृती दाखविणारे चित्र असल्याची तक्रार पीडित व्यक्तीने स्वतः किंवा तिच्या वतीने कोणी केल्यास ते चोवीस तासांत हटविण्याचे बंधन त्या नियमांनी समाजमाध्यम कंपन्यांवर घातले. यासाठी दोषसिद्धी लागत नाही, खटलाही लागत नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये ओडिशा उच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात जामीन नाकारताना, आरोपीला शिक्षा देणारा कायदा आहे, पण पीडितेला विसरले जाण्याचा अधिकार मिळवून देणारी यंत्रणा नाही, याकडे लक्ष वेधले. नोंदवही दोषसिद्धीनंतर सुरू होते आणि दोषीला लक्षात ठेवते. चित्र पहिल्या क्षणापासून पीडितेला लक्षात ठेवते. या दोन आठवणींपैकी राज्याने आपली शक्ती प्रथम कोणत्या आठवणीवर खर्च करावी, यावर महाराष्ट्रातील चर्चेत अद्याप फार थोडे बोलले गेले आहे.

स्वयंअध्ययनासाठी

भारतीय न्याय संहितेची कलमे ७५ ते ७९ आणि माहिती तंत्रज्ञान अधिनियमाची कलमे ६६-इ, ६७, ६७-अ, ६७-ब मराठी अनुवादात मिळवून वाचा. प्रत्येक कलमापुढे, त्यात जपलेली गोष्ट अश्लीलतेविरुद्धची सामाजिक मर्यादा आहे, विनय आहे, खासगीपण आहे की संमती, हे एका शब्दात लिहा. त्यानंतर ‘विनयभंग’ या शब्दाऐवजी कायद्यात कोणता मराठी शब्द योजता येईल, यावर सुमारे दोनशे शब्दांत टिपण तयार करा आणि संपर्कसत्राला येताना बरोबर आणा.